तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी ऑडी ए३ रोजच्या वापराला घ्यावी का?

मी पुण्यात रोज ऑडी ए३ चालवतो हे कळलं की समोरचा हमखास विचारतो, "सेकंडहँड मिळतेय हो, नव्या क्रेटाच्या पैशात, घेऊ का? रोजची वापरता येईल ना?" सेडान म्हणताय ना, डिकीवाली, २०१४ ला आपल्याकडे आलेली. येईल की. पण मागे कोण बसणार ते आधी सांगा.

कारण पुढच्या दोन सीटवर ही गाडी राजा आहे आणि मागे अगदीच बेताची. उंच माणूस पुढे बसला की मागच्याचे गुडघे टेकलेच, आणि मधे जो बोगद्यासारखा उंचवटा आहे त्यामुळे तिसऱ्याने पाय ठेवायचे कुठे हा प्रश्नच. माझी आई बसताना नीट बसते पण उतरताना दाराला धरून "अरे हात दे" म्हणतेच, सीट खाली आहे ना. गंमत म्हणजे स्कोडा ऑक्टाव्हिया याच एमक्यूबी प्लॅटफॉर्मवरची, म्हणजे खालचा सांगाडा एकाच घडणीचा, दोन्ही औरंगाबादला शेंद्र्यातच जुळायच्या, आणि ऑक्टाव्हियाची डिकी ५९० लिटर, ए३ ची ४२५. म्हणजे घरच्यांना घेऊन गावाला जाणं जास्त असेल तर लोगोचा मोह सोडा आणि तीच शोधा, मी तर स्पष्टच सांगतो.

आता खरा मुद्दा, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. लोक इंजिनाचं विचारतात, हे कोणी विचारतच नाही. डिझेलला सहा गिअरचा आहे, त्याचे क्लच तेलात असतात, पेट्रोलला सात गिअरचा, त्याचे कोरडे. दोन्हीत क्लच दोन, एक विषम गिअरचा एक सम, त्यामुळे हायवेला गिअर कधी बदलला ते कळतसुद्धा नाही, पण नवले पुलाखाली संध्याकाळी गाडी वीत वीत पुढे सरकत असते तेव्हा तो क्लच सतत घासत राहतो आणि कोरडा असेल तर तापतो. म्हणून मी पुढच्या गाडीच्या शेपटाला चिकटत नाही, चांगली दोन गाड्यांची जागा होऊ देतो आणि मग एकदाच पुढे जातो, मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू दे. टेस्ट ड्राइव्हलाही रिकाम्या रस्त्यावर पळवून काय कळणार, अर्धा तास ट्रॅफिकमधे काढा, गाडी तापू द्या आणि मग चढावर थांबून उचला. थरथरली किंवा धक्का दिला तर हात जोडून परत करा.

टायरही वाकून बघा. २०५/५५ आर१६ असेल तर उत्तम, त्यातला ५५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची २०५ मिलीमीटर रुंदीच्या ५५ टक्के, साधारण ११३ मिलीमीटर रबर. हौशी मालकाने १८ इंची २२५/४० घातले असतील तर तेच ९० वर येतं, दिसायला भारी, पण आपल्या खड्ड्यांत अलॉय चाक वाकायला वेळ लागत नाही. आणि चौघं बसवून तुमच्याच सोसायटीच्या स्पीडब्रेकरवरून न्या. नियमातला गोल स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्यावर काही होत नाही, पण सोसायटीवाले सिमेंटचा जो उभा बांध घालतात ना, तिथे पोट घासतं. तिरकी काढायची सवय लागते, मला लागलीये.

मायलेज? १.४ पेट्रोल शहरात दहा-अकरा देते. हलक्या पायाने चालवली की चारातले दोन सिलिंडर आपोआप बंद होतात, पण जास्त करून हायवेलाच, शहरात कसले हलके पाय.

आणि दिल्लीची डिझेल स्वस्तात दाखवत असतील तर लगेच भुलू नका. २०२५ पर्यंत तिकडे सगळ्याच डिझेल गाड्यांना १० वर्षांची मर्यादा होती, म्हणून ती माणसं विकून मोकळी व्हायची. एनओसी आणायची, इकडे परत रोड टॅक्स भरायचा, वर आरटीओच्या खेपा, हे सगळं धरलं की पुण्यातली जुनी गाडी फार महाग उरत नाही. सर्व्हिस हिस्ट्री मात्र दोन्हीकडे मागा, तोंडी नको, कागदावर.