विषाणू आहे, पण कुठल्या गुणसूत्रावर?

‘माणसाच्या डीएनएतला ८ टक्के भाग विषाणूंचा आहे’ हा मजकूर मला अधूनमधून कुणी ना कुणी फॉरवर्ड करतंच. त्यात खोटं काही नाही. मानवी जिनोमचा, म्हणजे माणसाच्या सगळ्या डीएनएचा, पहिला मसुदा २००१ साली आला, तेव्हापासून हा आकडा साधारण तेवढाच सांगितला जातोय. पण मी दिवसभर जे काम करते त्यात या आकड्याचा उपयोग जवळपास शून्य आहे. किती आहे एवढं कळून आमचं भागत नाही. कुठे आहे ते सांगावं लागतं: कितवं गुणसूत्र, कुठली भुजा, जमल्यास कितवं अक्षर. आणि खरी मारामारी तिथेच असते.

हा भाग आहे तो रेट्रोव्हायरस नावाच्या विषाणूंचा. असा विषाणू पेशीत शिरला की आपल्या आरएनएची डीएनए प्रत काढतो आणि ती पेशीच्या गुणसूत्रात घुसवतो. रक्तातल्या पेशीत हे घडलं तर त्या माणसाबरोबर प्रकरण संपतं. पण अंडपेशी किंवा शुक्राणू ज्या पेशींपासून बनतात त्यांतल्या एखादीत घडलं, तर पुढचं मूल तो विषाणू शरीराच्या प्रत्येक पेशीत घेऊनच जन्माला येतं. घुसण्याची जागा आधीपासून ठरलेली नसते. जिनोम तीनशे कोटींहून जास्त अक्षरांचा; त्यात दोन वेगवेगळ्या वेळी नेमक्या एकाच अक्षरापाशी घुसणं इतकं दुर्मीळ की धरायचंच नाही. म्हणून दोन माणसांत तोच विषाणू त्याच जागी सापडला, तर दोघांचा पूर्वज एक. माणसात आणि चिंपांझीत सापडला, तरी तेच. नुसता विषाणू काही सिद्ध करत नाही, त्याची जागा करते.

वयसुद्धा थोडंफार काढता येतं. या विषाणूच्या दोन्ही टोकांना एलटीआर नावाचे तुकडे असतात, पुस्तकाच्या पुढच्या-मागच्या पुठ्ठ्यासारखे. घुसताना दोन्ही अगदी सारखे असतात, नंतर प्रत्येकात आपापले बदल साठत जातात. दोघांत जितका फरक, तितका विषाणू जुना. पण बऱ्याचदा हे दोन तुकडे एकमेकांशी जुळून मधला सगळा भाग गळून पडतो आणि एकच एलटीआर मागे उरतो. असे एकटे उरलेलेच फार जास्त आहेत. मग ती पद्धत गेली.

आमच्याकडे सगळ्यात जास्त छळणारा गट म्हणजे हर्व्ह-के, या जुन्या रेट्रोव्हायरसांचंच एक घराणं. माणसात शिरलेल्यांपैकी हा सगळ्यात अलीकडचा, त्यामुळे काहींमध्ये तो असतो आणि काहींमध्ये नसतो. अडचण अशी की सिक्वेन्सिंग मशीन डीएनएचे शे-दीडशे अक्षरांचे तुकडे वाचून देतं आणि हर्व्ह-केचा एक एलटीआरच जवळजवळ हजार अक्षरांचा. वर जिनोममध्ये त्याचे भाऊबंद शेकड्यांनी. तुकडा एलटीआरच्या मधला असेल तर तो कुठला म्हणून सांगायचा? संगणक बिचारा त्यातल्या त्यात जुळणाऱ्या कुठल्याही जागी टाकून मोकळा होतो.

सुटका होते ती कडेच्या तुकड्यांमुळे. स्क्रीनवर हे बघायला मला आजही आवडतं. मशीनने वाचलेल्या तुकड्यांना आम्ही रीड्स म्हणतो, आणि ते जोडीने येतात: डीएनएच्या एकाच तुकड्याची दोन टोकं. राखाडी रीड्सच्या थप्पीत एके ठिकाणी अचानक रंग दिसायला लागतात. रंग याचा की त्या रीडचा जोडीदार भलत्याच गुणसूत्रावर जाऊन बसलाय: एकाचा पाचव्यावर, एकाचा अकराव्यावर, एकाचा एकोणिसाव्यावर. जोडीदार उघडून बघितले तर सगळे हर्व्ह-केचे. मग झूम करायचं. डावीकडून येणारे रीड्स एका अक्षराशी तुटतात, उजवीकडून येणारे दुसऱ्या अक्षराशी, आणि दोन्हींच्या मध्ये पाच-सहा अक्षरं अशी असतात जी दोन्ही बाजूंना येतात. घुसताना विषाणूचं एन्झाइम डीएनएच्या दोन पट्ट्या थोड्या अंतरावर कापतं, आणि पेशी ती फट भरते तेव्हा तेवढी अक्षरं दोनदा लिहिली जातात. ती दिसली की मी जागा लिहून टाकते. न दिसता केवळ रंग दिसले, तर कुणी कितीही घाई केली तरी मी लिहीत नाही.

याच धर्तीवर २०१६ साली जॉन कॉफिन, जेफ्री किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अडीच हजारांहून जास्त लोकांचा डेटा चाळला. प्रमाण धरलेल्या जिनोममध्ये नसलेल्या हर्व्ह-केच्या ३६ जागा त्यांनी मांडल्या. त्यातल्या १९ तोवर कुणी नोंदवलेल्याच नव्हत्या. एक्स गुणसूत्रावरचा एक विषाणू तर चक्क अखंड निघाला, त्याची सगळी जनुकं वाचता येतील अशी. लोक मात्र सिन्सिटिनचीच गोष्ट सांगतात, की सातव्या गुणसूत्रावरच्या एका जुन्या विषाणूचं जनुक वार तयार होताना कामी येतं. गोष्ट सुंदर आहे, पण इतक्यांदा सांगून झालीय की मी ती सोडून देते.

त्याहून मला अडकवून ठेवतो तो एचएचव्ही-६. हा रेट्रोव्हायरस नाहीच, हा नागीण-कांजिण्यांच्या विषाणूंचा नातलग. १९८६ साली सापडला. लहान मुलांना तीन-चार दिवस ताप येऊन तो उतरताना पुरळ उठतं, ते बहुतेक वेळा याच्या ‘बी’ प्रकारामुळे. पण शंभरात सुमारे एका माणसात अख्खा विषाणू, म्हणजे जवळपास १ लाख ६० हजार अक्षरं, गुणसूत्राच्या अगदी टोकाशी, टेलोमिअरमध्ये बसलेला असतो आणि वारशाने पुढे जातो.

१९९९ साली जपानी संशोधकांनी एक कुटुंब नोंदवलं. आईत हा विषाणू बावीसाव्या गुणसूत्रावर, वडिलांत पहिल्या गुणसूत्रावर, आणि मुलीत दोन्ही ठिकाणी. फक्त ‘पॉझिटिव्ह’ एवढंच लिहिलं असतं तर घरातल्या तिघांना एकमेकांची लागण झाली असं कुणीही म्हटलं असतं. जागा कळल्या म्हणून वारसा कळला.

तरीही इथे माझी स्क्रीन हात टेकते. टेलोमिअर म्हणजे टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं हजारो वेळा, आणि ती प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना. त्याच्या आतला भागही अनेक गुणसूत्रांत एकमेकांसारखा. छोट्या रीड्सनी टोक कुणाचं ते ठरत नाही. लाँग रीड्स, म्हणजे खूप लांबलचक वाचलेले तुकडे, असतील तर गोष्ट वेगळी, नाहीतर मी शेजारच्या सायटोजेनेटिक्सच्या खोलीत जाते, जिथे गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

‘‘तुझ्या कम्प्युटरला नाही जमलं ना?’’ तिथल्या मॅडमचं हे ठरलेलं वाक्य. फिशमध्ये, म्हणजे गुणसूत्रावर हवी ती जागा चमकवून दाखवण्याच्या पद्धतीत, त्यांचा हात धरणारं कुणी नाही. रक्तातल्या पेशी तीन दिवस वाढवायच्या, विभाजनाच्या मधोमध अडवायच्या, क्षाराच्या पातळ द्रावणात फुगवायच्या आणि काचेवर थेंब टाकायचा. मग विषाणूचा चमकणारा प्रोब, म्हणजे फक्त विषाणूच्या डीएनएला चिकटणारा तुकडा, रात्रभर लावून ठेवायचा.

‘‘मॅडम, सतरावंच ना हे?’’

‘‘आधी नीट बघ. जोडीतल्या एकावरच आहे ना? आणि ठिपके दोन आहेत ना?’’

निळ्या गुणसूत्रांच्या पसाऱ्यात एकाच्या टोकाला दोन हिरवे ठिपके शेजारी शेजारी, कारण विभाजनाच्या वेळी गुणसूत्राच्या दोन प्रती झालेल्या असतात. जोडीतलं दुसरं सतरावं कोरं. म्हणजे एकाच पालकाकडून आलेलं. एखादा सुटा ठिपका कुठेही पडू शकतो, त्याला मॅडम विचारत नाहीत.

हा खटाटोप कशासाठी, तर अशा माणसाच्या प्रत्येक केंद्रकयुक्त पेशीत विषाणूची निदान एक प्रत असते. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये सहज लाखोंच्या घरात प्रती भरतात आणि रिपोर्ट भयंकर दिसतो. संसर्ग जोरात आहे असं समजून गॅन्सायक्लोविर हे विषाणूविरोधी औषध दिलं, तर पांढऱ्या पेशी मात्र कमी होतात. शंका आली तर केसाचं मूळ किंवा नख तपासावं. तिथेही पेशीमागे एक प्रत मिळाली की वारशाचा. एवढ्यासाठी जागा माहीत असण्याची गरज नाही, हे मी मान्य करते.

जागा लागते ती पुढच्या प्रश्नाला. क्यूबेकमध्ये १९,५९७ जणांची पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या ०.५८ टक्के लोकांत वारशाचा एचएचव्ही-६ होता, आणि त्यांच्यात अंजायनाचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्याचं, प्रमाण इतरांच्या सुमारे तिप्पट. हे विषाणूमुळे की तो ज्या टोकावर बसलाय तिथल्या बिघाडामुळे, हे तपासायचं तर सगळ्यांना एका रकान्यात टाकून चालणार नाही. सतराव्यावरचे वेगळे, एकोणिसाव्यावरचे वेगळे, बावीसाव्यावरचे वेगळे मोजावे लागतील. शंभरात एक, त्यातही टोकानुसार वाटण्या. पुरेसे नमुने जमवायचे म्हणजे लाखभर माणसं तपासायला हवीत. आणि तेवढ्या काचा बघायला मॅडम एकट्याच.