ऑगस्टातली कोकणकन्या

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी दोन कॅलेंडरं टांगलेली असतात. एक कालनिर्णय, ते आई दर डिसेंबरात इकडे येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत कोंबून पाठवते. दुसरं शाळेच्या सुट्ट्या रंगवलेलं, इथल्या बँकेत फुकट मिळतं ते. जर्मनीत राहून मुलीला आजोळाची सवय लावायची म्हणजे दरवर्षी या दोघांची पत्रिका जुळवायला बसायचं. छत्तीस गुण सोडाच, अठराही जुळत नाहीत.

आम्ही राहतो स्टुटगार्टला, म्हणजे बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात. जर्मनीतली बाकीची राज्यं उन्हाळी सुट्टीच्या तारखा आलटूनपालटून पुढेमागे करतात, सगळा देश एकाच दिवशी हमरस्त्यावर येऊ नये म्हणून. आम्ही आणि शेजारचे बव्हेरियावाले मात्र जागचे हलत नाही. सुट्टी जुलैच्या अखेरीला लागणार आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संपणार. मधेच चार दिवस शाळा बुडवून गावी जाऊन येऊ म्हणाल, तर तेही जमत नाही. इथे शाळा सक्तीची आहे आणि सक्ती म्हणजे सक्ती. बव्हेरियात तर सुट्टी लागण्याआधी पोलिस विमानतळावर शाळकरी पोरं हेरतात, आणि आईबापांना दंड होतो. ‘घरगुती कारणास्तव’ एवढ्या दोन शब्दांवर माझी अख्खी शाळा निघाली. तसली चिठ्ठी इथल्या बाईंच्या हातात द्यायची माझी हिंमत नाही.

तर या सगळ्याचा परिणाम असा, की माझी लेक नऊ वर्षांची झाली तरी तिने मे महिन्यातलं कोकण पाहिलेलं नाही. तिच्या लेखी आमच्या गावात वर्षाचे बारा महिने ऑगस्टच असतो.

मला याचं सुरुवातीला फार वाईट वाटायचं. चिपळूणच्या पुढे, वाशिष्ठीपासून जरा वर चढावर आमचं घर. त्या घराचा विचार मनात आला की माझ्या डोळ्यांपुढे मे महिना उभा राहतो. खळ्यात टाकलेल्या चटया, मुंबईहून आलेली भावंडं, करवंदांचा चीक लागून काळी झालेली बोटं, काजूच्या बिया भाजताना उठणारा तो घशाला झोंबणारा धूर. विहीर तळाला गेलेली आणि घरात माणसं मावत नाहीत इतकी. परदेशात राहणारा कुठलाही मराठी आईबाप ‘आमच्या पोरांना गावाची ओढ लागली पाहिजे’ असं म्हणतो, तेव्हा त्याच्या मनातलं गाव असं एखाद्याच महिन्यातलं असतं, असं मला वाटतं. आणि तो महिना बहुतेक मेच. आमच्या सगळ्या सुट्ट्या त्यातच गेल्या ना!

लेकीचं गाव निराळं. मुंबईहून कोकण रेल्वेने निघायचं तेच पावसाळी वेळापत्रकाने. दरडींच्या भीतीने या दिवसांत गाड्यांचा वेग कमी ठेवतात, त्यामुळे कोकणात गाडी सावकाशच जाते असा तिचा ठाम समज. खिडकीतून धबधबे मोजायचे म्हणजे गाडीने रेंगाळायलाच हवं, हे तिला अगदी रास्त वाटतं. घरी पोचलं की कौलांवरून पागोळ्या गळत असतात आणि त्यांच्या माऱ्याने अंगणात ओळीने खळगे पडलेले असतात. त्यातला एक खळगा तिचा. दरवर्षी नवा पडत असणार, पण तिचं म्हणणं तोच.

दुपारी जेवणं उरकली की घर झोपतं. पाऊस लागलेला, लाईट गेलेली, फोनला रेंज नाही, बाहेर जायची सोय नाही. स्टुटगार्टमध्ये हिच्या आठवड्याला पोहणं, बासरी, जिम्नॅस्टिक्स असे खांब ठोकलेले आहेत. मोकळा तास दिसला की आम्हीच घाबरून त्यात काहीतरी भरतो. इथे तीन तास कुणी तिच्याकडे बघतही नाही. पहिल्या वर्षी ती रडली. मग उठून पडवीत गेली. तिथे पैसा नावाचा किडा असतो, हात लावला की वेटोळं करून नाण्यासारखा गप पडतो. असे पैसे गोळा करून तिने सुपलीत दुकान मांडलं. शेजारची दोन पोरं गिऱ्हाईक म्हणून आली. भाव जर्मनमध्ये, घासाघीस मराठीत. पाऊस थांबेपर्यंत तिघांचं भांडण, अबोला आणि दिलजमाई एवढं सगळं आटोपलं होतं.

माझं मत विचाराल तर माणसाला एखादी जागा आपली वाटायला लागते ती तिथे भरपूर कंटाळा आला की. रायगड दाखवा, शनिवारवाडा दाखवा, जरूर दाखवा, आम्हीही दाखवले. पण पाहुण्याला यजमान कंटाळू देत नाही. जो दुपारभर पडवीत लोळला आणि ज्याला कुणी ‘काय हवं’ म्हणून विचारलं नाही, तो घरचा झाला.

इथल्या मराठी मंडळात मी जाते. मोदक वळते, मुलांच्या नाटुकल्यात साड्या नेसवते, खुर्च्या उचलते. हौशी, भली माणसं आहेत सगळी. पण आमचे सगळे सण शनिवारी येतात, कारण हॉल शनिवारीच मिळतो. गुढी शनिवारी, गणपती शनिवारी, दिवाळी तर नोव्हेंबर अर्धा उलटल्यावरच्या शनिवारी. लेक झब्बा-सलवार चढवून उत्साहाने नाचते आणि घरी येऊन मोजे घालते. मला त्यात काही वावगं वाटत नाही. फक्त यातून तिला जे मिळतं ते स्टुटगार्टचं मराठीपण आहे, आणि ते स्टुटगार्टमध्येच राहतं. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. त्यांचंही एकमेकींकडे असंच, समारंभापुरतं जाणं-येणं असावं.

गावच्या गणपतीची गोष्ट वेगळी. गेल्या वर्षी, २०२५ साली, चतुर्थी २७ ऑगस्टला आली आणि दोन्ही कॅलेंडरांनी कधी नव्हे ते एकमेकांना टाळी दिली. घरात तीस माणसं. मला वाटलं होतं लेक आरत्यांना भुलेल, झांजा मागेल. तिने झांजा बघितल्यासुद्धा नाहीत. आदल्या दिवशी आईने तिला बांधावर नेलं होतं, दूर्वा कशा खुडायच्या ते दाखवलं होतं, आणि मग ओटीवर बसवून एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधायचं काम तिच्या गळ्यात मारलं होतं. मोठ्या मामीने मदतीला हात पुढे केला तर हिने तो बाजूला सारला. एक जुडी वीसचीच भरली होती, ती सोडून पुन्हा बांधली. गुडघे मोडून बसलेली, दोऱ्याचं टोक दातात, केसांना पावसाचे थेंब. ‘पप्पा, मी आत्ता येऊ शकत नाही, काम आहे,’ असं बापाला तिथूनच ओरडून सांगितलं.

बापाचंही तेच. माझा नवरा श्वाबियन, म्हणजे स्टुटगार्टच्याच भागातला. त्यांच्याकडे इमारतीतला जिना झाडायची आठवड्याआठवड्याची पाळी असते आणि ती पाळणं हा सभ्यतेचा पाया समजतात. हा गृहस्थ पहिल्यांदा सासरी आला तेव्हा दोन दिवस पाट-तांब्या-पंख्याच्या कौतुकात अवघडून गेला होता. तिसऱ्या दिवशी त्याला मागच्या दारी खराटा दिसला. तेव्हापासून अंगणातलं पाणी काढायचं काम त्याचं. आईला आधी लाज वाटली, जावयाच्या हातात खराटा म्हणजे काय! आता पाऊस थांबला की तीच हाक मारते. कपडे वाळत नाहीत, घरभर कुबट वास येतो, याचा मात्र त्याला मनापासून त्रास होतो. एका वर्षी हवेतली ओल शोषणारं यंत्र बॅगेत घालून न्यायचं म्हणत होता. श्रावणातल्या कोकणातली ओल! मी म्हटलं, ने बाबा, आणि रोज बादल्या ओत.

कागदोपत्री लेकीचं भारताशी नातं एका छोट्या पुस्तिकेत आहे. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणून २००५ पासून ओसीआयची, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ची, सोय निघाली. ती दाखवली की हवं तेव्हा या, हवं तितकं राहा. मतदान करता येत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आली तर चालते. हा शेवटचा तपशील माझ्या आईने नेमका लक्षात ठेवला आणि विहिरीकडचं हापूसचं कलम तोंडी नातीच्या नावावर करून टाकलं. मालकीणबाई दर ऑगस्टात जाऊन आपली मालमत्ता बघून येतात. तेव्हा झाडावर असतं काय, तर बांडगुळं आणि लाल मुंग्या.

आंबा तिला माहीत आहे तो साठाच्या रूपात. आई मे महिन्यात रस ताटांत ओतून वाळवते आणि नातीसाठी डब्यात जपून ठेवते. त्यामुळे आंबा ही सोलून, गुंडाळून, दाताने ताणून खायची चीज आहे अशी लेकीची बालपणीची समजूत. एका एप्रिलमध्ये इथल्या भारतीय दुकानात हापूसची पेटी सांगून ठेवली होती. पैसे सांगत नाही. मी डोळ्यांत पाणी आणून आमरस वाटीत वाढला. तिने चाखला, मान हलवली, म्हणाली, ‘चांगला आहे. पण अजून वाळला नाहीये.’

खरं तर मे महिना गाठायची एक फट आमच्या सुट्ट्यांत आहे. पेंटेकॉस्ट नावाच्या सणाला इथे शाळांना दोन आठवडे सुट्टी असते. पण तो सण एका जागी बसत नाही. २१ मार्चपासून पुढे येणारी पहिली पौर्णिमा धरायची, तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, आणि ईस्टरपासून पन्नासावा दिवस हा. हे गणित कळल्यावर मी कालनिर्णय काढून बसले. २०२४ साली ईस्टर आपल्या होळीला खेटून आला, २०२५ मध्ये हनुमान जयंतीच्या पुढच्या आठवड्यात. म्हणजे माझ्या लेकीला झाडाखाली पडलेला आंबा दिसणार की नाही, हे चंद्र ठरवणार. कर्मठातल्या कर्मठ भटजींनीसुद्धा मला इतकं तिथीला बांधलं नव्हतं. त्यात गेल्या वर्षी पावसानेच घाई केली, २६ मेलाच मुंबईत हजर. आमची सुट्टी लागली १० जूनला.

यंदा मात्र जमत होतं. २०२६ चा ईस्टर ५ एप्रिलला, म्हणून सुट्टी २६ मे ते ५ जून. हापूस संपत आलेला, पण रायवळ असतो, जांभळं असतात, विहीर खाली गेलेली असते. मी तिकिटांचे दर काढले आणि जेवणाच्या टेबलावर घोषणा केली. दोन वेळा जाणं परवडत नाही हेही सांगितलं.

‘म्हणजे ऑगस्टमध्ये नाही जायचं?’

‘अगं, मे महिन्यात किती मज्जा असते! खळ्यात झोपायचं, आंबे...’

‘पाऊस असतो?’

‘नसतो.’

‘मग तिथे काय करतात?’

आता याचं काय उत्तर द्यायचं! मी चाळीस वर्षांचा खजिना उघडला, ती भाजीतले वाटाणे बाजूला काढत ऐकत होती. जुलैत चिपळूणला जोर धरला की हीच मुलगी बापाच्या फोनवर पावसाचा नकाशा लावून बसते. २२ जुलै २०२१ च्या पुराच्या वेळी ती फार लहान होती, पण बाजारपेठेत दुकानदारांनी हात उंच करून ‘पाणी इथवर होतं’ असं दाखवलेलं तिच्या मनात घर करून आहे. शनिवारी आजीचा फोन लागला की पहिला प्रश्न, ‘वाशिष्ठीला किती पाणी?’ आजी वर चढावर राहते, तिथे पाणी येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक असूनही. मी तिच्या वयाची असताना नदीची अशी चौकशी केल्याचं मला आठवत नाही. माझ्या मेमध्ये नदी म्हणजे गोटे आणि मधून एक चिंचोळी धार.

मतदान झालं. दोन विरुद्ध एक. खराटेवाले साहेबही तिकडेच. तिकिटं ऑगस्टची काढली.

फक्त यंदा अधिक महिना आहे, ज्येष्ठ दोनदा, त्यामुळे गणपती लांबले. चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी. आणि आमची शाळा उघडते तीही १४ सप्टेंबरलाच, सोमवारी. आईला फोनवर सांगितलं तर ती भडकली.

‘सगळी मुंबई गावात येत असताना तुम्ही निघणार? काय म्हणतील लोक?’

‘आई, शाळा आहे तिची.’

‘एक दिवस नाही गेली तर काय सरकार पडतंय?’

फोन लेकीने ओढून घेतला. ‘आजी, मी दूर्वांच्या जुड्या आधी बांधून ठेवते. फ्रिजमध्ये ठेव.’

‘पिवळ्या पडतील गो. दूर्वा ताज्याच लागतात. त्या तुझी मामी बघेल.’

‘मामी वीसच बांधते.’

आजी क्षणभर गप्प. मग म्हणाली, ‘बरं, असं कर. माळ्यावरच्या समया, तबकं, निरांजनं सगळी काढून घासायची आहेत. दरवर्षी माझी कंबर जाते त्यात. ते तू करून दे जायच्या आधी. चिंच मी भिजवून ठेवते.’

‘किती आहेत?’

‘पुष्कळ आहेत. दोन दुपारी जातील.’

लेकीने कालनिर्णय भिंतीवरून उतरवलं, ऑगस्टचं पान काढलं आणि कुठल्या दोन दुपारी ते विचारायला लागली.