नव्याण्णव फुगे आणि बर्लिनचं आकाश

पिशेल्सबेर्ग स्टेशनवर उतरल्यावर वाल्डब्यूनेचा रस्ता कुणाला विचारावा लागत नाही. जूनची संध्याकाळ होती. गाडीतून उतरलेला जो तो एका हातात खाऊची टोपली आणि काखेत उशी घेऊन एकाच दिशेला निघाला होता. बर्लिन फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद आपला हंगाम याच खुल्या रंगमंचावर संपवतं. मीही त्याच मैफलीला चालले होते, पण माझी खरी ओढ जागेची होती. जून 1982 मध्ये इथे रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडची मैफल झाली, तेव्हा आकाशात फुगे सोडले गेले. ते बघणाऱ्यांत कार्लो कार्गेस नावाचा एक गिटारवादक होता. त्या फुग्यांवरून त्याने जे गाणं लिहिलं, ते मी पहिल्यांदा पुण्यात जर्मनच्या वर्गात ऐकलं आणि तेव्हापासून ते माझ्या मनातून गेलेलं नाही.

वाल्डब्यूने म्हणजे जंगलातल्या एका खोल घळीत उतरत जाणाऱ्या पायऱ्या. बावीस हजार माणसं बसतात. 1936 च्या ऑलिम्पिकसाठी नाझींनी हे बांधून घेतलं. वरच्या रांगेत बसलं की रंगमंच पार तळाला दिसतो आणि त्याच्या मागे नुसती झाडं आणि आकाश. मैफलीच्या शेवटी ‘बर्लिनर लुफ्ट’ हे बर्लिनचं लाडकं गाणं सुरू झालं, हजारो लोक शिट्ट्यांवर ताल धरू लागले, फुलबाज्या पेटल्या. मी मात्र वर बघत होते. फुगे इथून सुटले तर झाडांच्या शेंड्यांवरून क्षितिजाकडेच जाणार.

आणि 1982 मध्ये पश्चिम बर्लिनचं क्षितिज, कुठल्याही दिशेला बघा, शहराला वेढणाऱ्या बर्लिनच्या भिंतीपाशी संपत होतं. दूर जाणारा फुग्यांचा पुंजका आकार बदलत होता, एखाद्या अनोळखी अवकाशयानासारखा दिसत होता. कार्गेसच्या मनात आलं, हे वाऱ्याने भिंतीपलीकडे, सोव्हिएत बाजूला गेले तर? या एका प्रश्नातून ‘नॉयनउंडनॉयनत्सिश लुफ्टबलोन्स’, म्हणजे ‘नव्याण्णव फुगे’, जन्माला आलं. चाल त्याच्याच बँडमधल्या कीबोर्डवादक उवे फारेनक्रोग-पेटरसनची. बँडचं नाव नेना आणि गायिकेचंही नेनाच. मूळची हागेनची गाब्रिएले केर्नर.

सिंथेसायझरची ती उड्या मारणारी धून ऐकून पुष्कळांना हे बागडणारं गाणं वाटतं. शब्द ऐका. नव्याण्णव फुगे आकाशात जातात, कुणाला तरी ती परग्रहावरची यानं वाटतात. एक सेनापती लढाऊ विमानं पाठवतो. प्रत्येक वैमानिक स्वतःला ‘स्टार ट्रेक’मधला कॅप्टन कर्क समजतो आणि आतषबाजी उडवून देतो. शेजाऱ्यांना वाटतं हल्ला झाला. मग नव्याण्णव युद्धमंत्री काडेपेटी आणि पेट्रोलचा डबा घेऊन पुढे सरसावतात, कारण त्यांना लुटीचा वास आलेला असतो. नव्याण्णव वर्षं युद्ध चालतं आणि शेवटी जिंकायलाही कुणी उरत नाही. गाणारी व्यक्ती जगाच्या ढिगाऱ्यातून एकटीच फेरी मारते. तिला एक फुगा सापडतो. कुणाची तरी आठवण काढून ती तो सोडून देते.

दुसऱ्या दिवशी मी टॉयफेल्सबेर्ग चढले. वाल्डब्यूनेपासून जेमतेम अडीच किलोमीटरवर, ग्रुनेवाल्डच्या जंगलात ही टेकडी आहे, आणि ती निसर्गाने घडवलेली नाही. नाझींची अर्धवट राहिलेली लष्करी तंत्रशाळा इथे होती. युद्धानंतर तिच्यावर बॉम्बहल्ल्यांत कोसळलेल्या बर्लिनच्या घरांचा राडारोडा वर्षानुवर्षं ओतला गेला. आज वर गर्द झाडी आहे, पण पायवाटेच्या कडेला पावसाने माती धुपलीय तिथे विटांचे तुकडे डोकावतात. एका तुकड्याला चुन्याचा थर चिकटलेला होता, त्यावर फिकट निळा रंग. कुणाच्या तरी खोलीची भिंत.

याच ढिगाऱ्याच्या माथ्यावर अमेरिकन आणि ब्रिटिशांनी हेरगिरीचं केंद्र उभारलं. इथून ते पूर्वेकडचे रेडिओ संदेश ऐकत. पांढरे घुमट अजून उभे आहेत, त्यांचं कापड फाटून वाऱ्यावर फडफडतं. कार्गेस फुगे बघत होता तेव्हा या घुमटांमध्ये माणसं कानाला यंत्रं लावून बसलेली होती. वर उभी राहिल्यावर मला पहिल्यांदा जाणवलं की गाण्यातली गोष्ट या गावाला अतिशयोक्ती वाटलीच नसणार.

गाणं 1983 च्या सुरुवातीला आलं आणि पश्चिम जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच वर्षी अमेरिकेची पर्शिंग-2 ही अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं जर्मन भूमीवर यायची होती. 26 सप्टेंबरला सोव्हिएत उपग्रहाने ढगांवरच्या उन्हालाच क्षेपणास्त्रं समजून इशारा दिला. स्तानिस्लाव पेत्रोव या अधिकाऱ्याने तो खोटा ठरवला म्हणून पुढचा अनर्थ टळला. जगाला हे अनेक वर्षांनी कळलं. ऑक्टोबरमध्ये पर्शिंगच्या विरोधात श्टुटगार्टपासून नॉय-उल्मपर्यंत 108 किलोमीटरची मानवी साखळी झाली. तरी 22 नोव्हेंबरला संसदेने क्षेपणास्त्रांना मंजुरी दिलीच.

मार्च 1984 मध्ये अमेरिकेत मूळ जर्मन गाणं दुसऱ्या क्रमांकावर पोहोचलं. भाषा न कळणाऱ्यांनी ते तिथवर नेलं. ब्रिटनमध्ये केव्हिन मॅकअलीने लिहिलेलं इंग्रजी रूप पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यात फुगे लाल झाले आणि खेळण्यांच्या दुकानातून आले. बँडला ते रूप पटलं नव्हतं आणि मला बँडचं म्हणणं पटतं. युद्धमंत्र्यांची ती हाव इंग्रजीत बरीच बोथट झाली आहे.

शेवटी क्रॉयत्सबेर्गला ओरानियनश्ट्रासेवर ‘एसओ-36’ हा क्लब बाहेरून बघितला. नॉयं डॉयचं वेलं, म्हणजे जर्मनीतली न्यू वेव्ह ही संगीताची नवी लाट, अशाच क्लबांमधून खरखरीत, रागीट आवाजात सुरू झाली. त्या सुरुवातीच्या चाहत्यांपैकी अनेकांना नेना म्हणजे बाजारू गोडवा वाटे. मला ते मान्य नाही. क्लबमधला राग क्लबमधल्या शे-दोनशे जणांपर्यंत पोहोचला. हे गाणं शाळेतल्या पोरांच्या तोंडी होतं, आणि त्या पोरांना काडेपेटी घेतलेले मंत्री पाठ होते.

पर्शिंग क्षेपणास्त्रं अमेरिका आणि सोव्हिएत संघातल्या 1987 च्या करारानंतर नष्ट केली गेली. तो करार 2019 मध्ये संपुष्टात आला. नेना हे गाणं अजूनही तिच्या मैफलींत जर्मनमध्येच गाते.