‘बाजू पलटू दे’ : गाणं कुठवर आलं

मंडळी, मागच्या वेळी लिहिलं तेव्हा हातात फक्त मुखडा आणि गुणगुणलेली चाल होती. आता गाणं पूर्ण आहे. लोकांनी ऐकलं, बोलले, आणि त्यांच्या बोलण्यावरून मिक्स, म्हणजे सगळ्या आवाजांची जुळवणी, पुन्हा उघडावं लागलं. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मराठी प्रेमगीत, पेहराव १९८२ ते ८४ च्या सिंथ-पॉपचा, म्हणजे सिंथेसायझरवर वाजणाऱ्या पॉपचा, आणि स्टुडिओ म्हणजे नागपुरातल्या आमच्या घराची मागची खोली. गाते माझी आतेबहीण, बाकी सगळा उपद्व्याप माझा.

गाण्यातली गोष्ट एवढीशी आहे. दोघं कॅसेट ऐकत बसलेत, पहिली बाजू संपते, तो उठायला लागतो, आणि तिला जे सांगायचंय ते दुसऱ्या बाजूला भरलेलं आहे.

थांब ना जरासा, बाजू पलटू दे
राहिलं बोलणं, गाणं होऊ दे

या दोन ओळींवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही. मात्रा मोजून बघा. चारही तुकडे दहा-दहा मात्रांचे आहेत, पण सगळ्यांची चाल एक नाही. ‘थांब ना जरासा’ पडतं ३-३-४ असं, म्हणजे ठेक्यावर तिरकं. ‘बाजू पलटू दे’ सरळ ठेक्यात चालतं. ‘राहिलं बोलणं’ पुन्हा ५-५. एका मात्रेला एक आठवा भाग दिला, तर चार ठोक्यांच्या एका बारमध्ये आठ मात्रा बसतात आणि दोन पुढच्या बारमध्ये सांडतात. त्या बारमधल्या उरलेल्या सहा मात्रा मोकळ्या. तिथे सिंथ उत्तर देतो. म्हणजे सिंथची ती तान मी ‘सुचवली’ नाही, मराठीने जागा सोडली तिथे ती बसली. मराठी पॉप ऐकताना शब्द कोंबल्यासारखे वाटतात त्याचं कारण मला तरी हेच दिसतं: चाल इंग्रजी ठेक्यावर आधी बांधतात आणि ऱ्हस्व-दीर्घ मागाहून ठोकून बसवतात.

वेगही यातूनच ठरला, ११२ बीपीएम, म्हणजे मिनिटाला ११२ ठोके. जुन्या आवाजाच्या नव्या लाटेतलं सगळ्यात गाजलेलं गाणं म्हणजे द वीकेंडचं ‘ब्लाइंडिंग लाइट्स’, नोव्हेंबर २०१९ चं. ते १७१ वर धावतं. त्यानंतर घरोघरचे आपण सगळे तोच घोडा दामटायला लागलो. त्या वेगात मराठी गाऊन बघा, ‘पलटू’चा ‘पल्टू’ होतो.

आता आवाजांकडे. खरी जुनी यंत्रं माझ्याकडे नाहीत आणि येणारही नाहीत. यामाहा डीएक्स-७ या सिंथसाठी डेक्स्ड हे प्लगइन, म्हणजे यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, वापरलं, फुकट आहे आणि सहा ऑपरेटर (सूर घडवणारे भाग), ३२ अल्गोरिदम (ते जोडायच्या रीती) ही मूळ रचना तशीच ठेवलेली आहे. रोलँड जुनो या दुसऱ्या सिंथसाठी टाल कंपनीचं प्लगइन. सगळं रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. पण माझं एक ठाम मत झालंय, त्यावर भांडायला तयार आहे: जुनेपणा प्लगइनमधून येत नाही, त्या यंत्रांना जे जमत नव्हतं ते आपणही न केल्याने येतो. म्हणून सुरुवातीलाच काही बंधनं घालून घेतली.

जुनो-६० मध्ये एका वेळी सहाच सूर वाजतात. मी प्लगइनही सहावर बांधलं. पॅडचा, म्हणजे मागे लांब पसरणाऱ्या सिंथच्या आवाजाचा, मोठा कॉर्ड (एकत्र दाबलेले सूर) सुटायच्या आत पुढचा दाबला की आधीच्या कॉर्डचे सूर मध्येच तुटतात, आणि ते तुटणंच कानाला ओळखीचं वाटतं. १६ सूर मोकळे सोडले तेव्हा तोच पॅड नुसता सुंदर होता, बाकी काही नाही. जुनोला दर सुरामागे एकच ऑसिलेटर (सूर निर्माण करणारा भाग); रुंदी सगळी त्याच्या कोरसमधून, म्हणजे सूर किंचित डुलवून दुहेरी भासवणाऱ्या इफेक्टमधून येते. म्हणून वेगळा स्टिरिओ रुंद करणारा इफेक्ट लावायचा नाही, हेही ठरलं.

ड्रमचं बंधन मला सगळ्यात आवडलं. १९८० चं लिन एलएम-१ हे खऱ्या ड्रमचे नमुने वाजवणारं पहिलं ड्रम मशीन. मेमरी तेव्हा इतकी महाग होती की त्यात क्रॅश आणि राइड सिंबल, म्हणजे मोठ्या झांजा, नव्हतेच. ते १९८२ च्या लिनड्रममध्ये आले. मी गाणं एलएम-१ च्या हिशोबाने बांधलं, म्हणजे क्रॅश नाही. मग मुखड्यात शिरताना धडाका कसा द्यायचा? उलटा फिरवलेला स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम), त्यावर बेसची एक घसरण, आणि पहिल्या ठोक्यावर फक्त किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि गळा. बहिणीचा ‘थां’ एकटा उभा राहतो. सिंबल असता तर त्याखाली तो दबला असता. नमुने २८ किलोहर्ट्झवर उतरवले, त्यामुळे १४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं गेलं. हायहॅट (छोट्या झांजांची जोडी) थोडा मातकट झाला. तसाच ठेवला.

स्नेअरचा तो धप्पकन थांबणारा घुमार, गेटेड रिव्हर्ब, याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं. त्याचा जन्म लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओतला, गायक पीटर गॅब्रिएलच्या १९८० च्या तिसऱ्या अल्बमच्या वेळचा. ड्रमवर फिल कॉलिन्स, इंजिनियर ह्यू पॅडगम. कलाकारांचं बोलणं ऐकण्यासाठी लावलेल्या माइकवर जबर कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार दाबणारं यंत्र) होता, त्यातून ड्रम ऐकू आले आणि सगळ्यांचे कान टवकारले. माझी रीत साधी आहे. स्नेअर सेंडवरून मोठ्या हॉल रिव्हर्बला, रिव्हर्बनंतर गेट, म्हणजे आवाज मध्येच कापणारं दार, आणि गेट उघडायचा तो कोऱ्या स्नेअरच्या इशाऱ्यावर, साइडचेनने. किती वेळ उघडा ठेवायचा ते वेगावरून काढा: ११२ ला एक ठोका साधारण ५३६ मिलिसेकंदांचा, अर्धा २६८. होल्ड (उघडा राहायचा वेळ) २३० आणि रिलीज (बंद होायचा वेळ) २० ठेवला की पुढचा हायहॅट पडायच्या जरा आधी घुमार बंद होतो. अंदाजाने फिरवत बसाल तर कधी हायहॅटवर चिखल होतो, कधी स्नेअर खोकल्यासारखा वाटतो.

बेस डीएक्स-७ च्या ‘बेस १’ वरून, सप्तक वर-खाली. याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, आवाज तयारच मिळतो.

गळ्याचं रेकॉर्डिंग मे महिन्यात केलं, हे नागपूरकराला सांगितलं की तो आधी आमच्याकडे बघतो आणि मग आकाशाकडे. पारा ४५ च्या आसपास, कुलर चालू ठेवला तर पंख्याचा घरघराट आणि पंपाचं टपटप दोन्ही टेकमध्ये. कुलर बंद केला की दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत गोधड्या टांगून गाणारी उकडून निघते. त्यामुळे काम पहाटे, ऊन चढायच्या आत. पहाटे मात्र कोकिळा असते, आणि तिला आमचा स्केल मान्य नव्हता. एका चांगल्या टेकच्या शेवटी ती स्पष्ट ऐकू येते. ‘कुलरच्या हवेला वाळ्याचा वास, तुझ्या गप्पांत गेला एक तास’ या ओळीनंतर पडलीय, म्हणून राहू दिली. इतकं नागपुरी बॅकग्राउंड विकत मिळालं नसतं.

बहिणीची तालीम शास्त्रीय. प्रत्येक ‘दे’ वर तिची मुरकी यायचीच. मी तिला १९८० च्या ‘कुर्बानी’तलं नाझिया हसनचं ‘आप जैसा कोई’ ऐकायला लावलं. संगीतकार बिद्दूने ते लंडनला रेकॉर्ड केलं, नाझिया तेव्हा शाळकरी वयाची. सूर सरळ लावलेला, कुठे नक्षी नाही, आणि त्या थंडपणातच सगळी मजा. बहीण म्हणाली, “म्हणजे न सजवता गाऊ? इतकी वर्षं मग शिकली काहून?” पण बरोबर पकडलं तिने. तीच ओळ तिने दुसऱ्यांदा तशीच गायली, तो ट्रॅक पहिल्याच्या खाली हळू ठेवला. मुरकी फक्त शेवटच्या मुखड्यातल्या ‘पलटू’वर सोडलीय. तोपर्यंत कानाला इतकं कोरडं खायला घातलेलं असतं की ती एक मुरकी अंगावर येते.

पट्टी काळी चार. शेवटचा मुखडा काळी पाचला जातो, म्हणजे एक पूर्ण स्वर वर. हा त्या काळचा हुकमी डाव. स्वस्त आहे म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं. आम्ही त्याला निमित्त दिलंय. चढण्याआधी गाणं चक्क थांबतं. खट्, झाकण उघडतं, कॅसेट उलटते, झाकण बंद, बटण दाबल्याचा आवाज, आणि दुसऱ्या बाजूला गाणं वरच्या पट्टीत सुरू होतं. हे आवाज काकांच्या जुन्या डेकचे, माइक अगदी झाकणाला चिकटवून घेतलेले.

तो डेक इथेच कामाला लागला नाही. पट्टा बदलून घेतला, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला आणि पूर्ण पॅड त्यावर कॅसेटमध्ये भरून परत घेतला. करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. भरताना आणि वाजवताना डेकचा वेग अगदी सारखा राहत नाही. वेगात एक टक्का फरक म्हणजे सुरात जवळपास १७ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), आणि एवढ्यात गळा आणि पॅड एकमेकांशी कडू होतात. म्हणून परत घेतलेला ऑडिओ आधी मूळ लांबीवर आणा, मग दर काही बारला कापून पुन्हा रांगेत बसवा, कारण टेप अधूनमधून डुलतेच. दुसरी गोष्ट, डॉल्बी बी, म्हणजे टेपची सरसर (हिस्स) कमी करणारी सोय, चालू ठेवून भरा आणि बंद ठेवून वाजवा. वरचे सूर उजळतात, हिस्सही वाढते, आणि पॅडला जी चकाकी येते ती कुठल्याही ईक्यूने मला मिळालेली नाही. हेडशेजारच्या अझिमथच्या, म्हणजे हेडचा कोन ठरवणाऱ्या, स्क्रूला मात्र उगाच हात लावू नका, काकांच्या जुन्या कॅसेटी त्यावरच जुळलेल्या असतात आणि काका आपल्या घरात राहतात.

मास्टर, म्हणजे गाण्याची शेवटची फाइल, फार जोरात दाबला नाही. स्पॉटिफाय तसंही सगळं −१४ एलयूएफएसच्या (आवाजाचा जोर मोजायचं एकक) आसपास आणून ठेवतं, मग ड्रमचे ठोके चपटे करून मिळवायचं काय?

आता लोक काय म्हणाले ते. कोजागिरीला गच्चीवर दूध आटत होतं, तेव्हा ब्लूटूथ स्पीकरवर लावलं. पहिल्या कडव्यालाच मोठे काका म्हणाले, “हे तं ऐकलेलं आहे आधी.” मी सांगितलं, शक्यच नाही. “मंग रेडिओवर लागलं असंल,” यावर ते ठाम. ही टीका आहे की पावती, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. मी पावती धरलीय.

मजा त्या थांब्यावर झाली. मूळ मिक्समध्ये तो दोन बारांचा होता, म्हणजे सव्वाचार सेकंदांच्या वर. हेडफोनवर झकास वाटायचा. गच्चीवर गाणं थांबल्याबरोबर भाच्याने स्पीकर उचलून हलवला, दुसरा फोनकडे धावला, “अबे, बॅटरी गेली का?” आणि कॅसेट पलटल्याचा सगळा आवाज त्या गलक्यात बुडाला. वरच्या पट्टीतला मुखडा सुरू झाला तेव्हा कोणी ऐकतच नव्हतं. ज्यांच्याकडे फोनवर पाठवलं होतं, त्यांच्यातल्या काहींनीही गाणं तिथेच संपलं समजून पुढचं लावलं होतं. ज्यांनी कॅसेट वापरलेली आहे ते मात्र न हलता वाट बघत बसले होते. आत्या तर हसलीच.

नव्या मिक्समध्ये थांबा एकाच बारचा, दोन सेकंदांहून थोडा जास्त. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टेपची हिस्स त्यात सुरू राहते आणि हळूहळू वाढते. निव्वळ शांतता आली की लोकांना बिघाड वाटतो; हिस्स आहे तोवर काहीतरी चालू आहे हे कळतं. खटका पण डावी-उजवीकडून मध्यभागी आणला.

मध्यभागी आणण्याचं आणखी एक कारण तोच स्पीकर. तो मोनो निघाला. जुनोच्या कोरसमध्ये डावी आणि उजवी बाजू एकमेकांच्या उलट डुलतात, त्यामुळे दोन्ही एकत्र झाल्या की पॅड पोकळ होतो. आपल्याकडे बहुतेक जण गाणी फोनच्या किंवा अशाच एका डबीवर ऐकतात. आता पॅडखाली कोरस नसलेला एक कोरा जुनो मधोमध, सहा-सात डेसिबल खाली ठेवलाय. हेडफोनवर फरक जाणवत नाही, डबीवर पॅड उभा राहतो. यापुढे माझ्या प्रत्येक मिक्सला मोनोचं बटण आधी.

ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवणाऱ्या एका ओळखीच्या दादांना दुसऱ्या कडव्यात ढोलकी हवी होती. “पब्लिक उठून नाचंल नं भाऊ.” नाचेल, मान्य. पण एलएम-१ मध्ये ढोलकी नव्हती. त्यांना पटलं नाही, म्हणाले स्टेजवर मी तुझं ऐकणार नाही. स्टेजवर त्यांचंच खरं.

तरुण पोरांमध्ये सगळ्यात चाललं ते मला वाटलं होतं ते नाहीच. मुखडा नाही, गेटेड स्नेअर नाही; ‘कुलरच्या हवेला वाळ्याचा वास’ आणि त्यामागची कोकिळा. बहिणीच्या कॉलेजातल्या पोट्ट्या तेवढाच तुकडा कापून फिरवताहेत.

सध्या उरलंय ते इतकं: ‘राहिलं बोलणं’वर गाण्यातल्या ‘त्या’चा आवाज खालून यावा अशी बहिणीची मागणी आहे, म्हणजे शेवटी तो थांबला की नाही ते कळेल. माझा गळा काळी चारला त्या ओळीत खाली पुरत नाही, त्यामुळे गायक शोधणं चालू आहे. नागपुरात कोणी बॅरिटोन असेल आणि पहाटे उठत असेल तर कळवा. ड्रम आणि सिंथच्या मिडी फाइल (कुठला सूर कधी वाजवायचा ते सांगणाऱ्या) ज्यांना हव्यात त्यांनी मागा, पण सहा सुरांचं बंधन काढून वाजवलं तर मला सांगू नका.