नव्या शर्टाचं रफू

कापड तीन तऱ्हांनी जातं: विरतं, फाटतं किंवा कापलं जातं. विरलेल्या भोकाभोवतीचे धागे आधीच बारीक झालेले असतात, म्हणून रफू अगदी कडेपासून न करता थोडं लांबून, धड कापडातून सुरू करावं लागतं. खिळ्याला अडकून फाटलं तर ते धाग्याच्या रेषेत जातं, बहुतेकदा काटकोनात. कात्रीला मात्र उभ्या-आडव्या धाग्यांशी काही देणंघेणं नसतं. त्या दिवशी माझ्यासमोर आलेला पांढरा लिननचा शर्ट बाहीवर तिरपा कापलेला होता, एकाच झटक्यात. कॉलर अजून कडक होती, म्हणजे फार धुतलेलाही नसावा.

ही 2017च्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी इटलीत जुन्या कापडांच्या जतनाचं शिक्षण घेत होते आणि व्हेनिस बिएनाले या दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात ली मिंगवेई या कलाकाराच्या ‘द मेंडिंग प्रोजेक्ट’साठी शिवायला बसत होते. जागा आर्सेनालेमधली, म्हणजे व्हेनिसच्या जुन्या जहाजगोदीतली. भिंतीवर रंगीत दोऱ्यांची रिळंच रिळं, एक लांब टेबल आणि दोन खुर्च्या. माणूस फाटकी वस्तू घेऊन येतो, समोर बसतो, मी शिवते. बोलावंसं वाटलं तर बोलायचं, नाही तर नाही. शिवून झालं की दोरा तोडायचा नाही. कपडा टेबलावर ठेवायचा, भिंतीवरच्या रिळाला तसाच जोडलेला, आणि मालकानं तो प्रदर्शन संपताना न्यायचा. घड्यांचा ढीग वाढत जातो, दोऱ्यांचं जाळं दाट होत जातं. हे शिल्प असं लोकांच्या कपड्यांनी घडतं.

ली यांचा जन्म 1964चा, तैवानमधल्या ताइचुंगचा. ते आधी वस्त्रकला शिकले, मग येल विद्यापीठात शिल्पकला. आजीच्या मृत्यूनंतर त्यांनी लिलीचा कंद लावला आणि 100 दिवस त्या रोपासोबत काढले. ते काम छायाचित्रांच्या रूपात उरलं आहे. पुढे त्यांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या अनोळखी माणसाला संग्रहालयात जेवायला बोलावलं. दुसऱ्या एका कामात असाच अनोळखी पाहुणा रात्री शेजारच्या पलंगावर झोपायला येई. रफूची सुरुवात त्यांच्या घरातली आहे. 11 सप्टेंबर 2001ला त्यांचे जोडीदार न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवरच्या हल्ल्यातून थोडक्यात वाचले, पण त्यांचे बरेच सहकारी गेले. त्या रात्री ली घरातले कपडे दुरुस्त करत बसले. त्याचं कलाकृतीत रूपांतर व्हायला 2009 उजाडलं.

तर तो शर्ट. घेऊन आलेले गृहस्थ साठीच्या आसपासचे, नीटनेटके. खुर्चीत बसले, शर्ट उलगडला आणि बाही माझ्याकडे केली. मी कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. ते बघत होते. मग स्वतःच म्हणाले, “तुमच्या लक्षात आलंच असेल. आज सकाळी मीच कापला.”

मी नुसती मान हलवली आणि दोऱ्याचा रंग विचारला. पांढऱ्यावर पांढरा नको म्हणाले. भिंतीकडे बराच वेळ बघून त्यांनी हळदीसारखा पिवळा निवडला.

व्हेनिसच्या शेजारी मेस्त्रेला त्यांचं सलून. आदल्या आठवड्यात ते प्रदर्शन बघायला आले होते आणि या टेबलापाशी थांबून राहिले होते. बसायची इच्छा झाली, पण अंगावरचं काहीच फाटकं नव्हतं. घरी जाऊन कपाट उघडलं, तर तिथंही सगळं धड. “फाटलं की टाकतो आणि नवीन घेतो. एकटा माणूस आहे.”

तिरप्या कापाला धावदोरा चालत नाही, कड ओढली जाते. मी आतून मलमलीची पट्टी लावली आणि दोन्ही कडा जवळजवळ ठेवून बारीक टाके घालू लागले. माझी नजर सुईवर होती, म्हणून त्यांना बोलणं सोपं गेलं असावं. हे मी तिथं पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. समोरासमोर बसून कुणी आपल्या डोळ्यांत बघत असलं की माणूस सावरून बोलतो. हातात काम असलं की मोकळा होतो. त्यांनाही हे ठाऊक होतं. “माझं गिऱ्हाईक आरशात बघून बोलतं,” ते म्हणाले. चाळीस वर्षं लोकांच्या कपाळाला, कानामागे, मानेला त्यांचा हात लागतोय. लग्नाआधीची धास्ती, आजारपणं, मुलांशी झालेली भांडणं, सगळं त्या खुर्चीत ऐकलेलं. आपल्यासाठी कुणीतरी असं वाकून बसावं एवढंच त्यांना हवं होतं.

मग त्यांनी सांगितलं की शर्ट केस कापायच्या कात्रीनं कापला. मी सुई थांबवली. आमच्या घरी कापडाच्या कात्रीनं कागद कापला तर आई दिवसभर बोलत नसे. केसांच्या चांगल्या कात्रीनं लिनन कापलं की तिची धार जाते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. “धार लावून मिळते,” ते हसले.

त्याच दालनात मारिया लाई या इटालियन कलावंत बाईंचं काम होतं. सार्डिनिया बेटावरच्या उलास्साई या त्यांच्या गावात 1981मध्ये लोकांनी निळ्या कापडी पट्टीनं आपली घरं एकमेकांना जोडली आणि शेवटी पट्टीचं टोक डोंगरावर नेलं. दोन घरांत मैत्री असेल तर पट्टीला गाठ, प्रेम असेल तर गाठीत सणाचा पाव, वैर असेल तर पट्टी सरळ पुढे. वैर असलेलं घरही सुटलं नाही, हे मला त्यातलं सर्वांत थोर वाटतं. ते गृहस्थ माझ्या टेबलावरून उठून तिकडे गेले. शर्ट ढिगावर ठेवताना मात्र त्यांनी तो स्वतः घडी घातला आणि पिवळा दोरा अडकू नये म्हणून बाही वर ठेवली.

दुपारी माझ्या जागी येणाऱ्या मैत्रिणीला मी हे सांगितलं. तिला पटलं नाही. तिच्या मते खरोखर झिजलेलं, फाटलेलंच शिवायला हवं. मुद्दाम कापून आणलेलं घेतलं तर उद्या लोक कात्री खिशात घेऊन येतील आणि खरी गरज असलेले रांगेत उभे राहतील. रांगेबद्दल तिचं म्हणणं रास्त आहे. पण मला तो शर्ट त्या ढिगातला सर्वांत खरा वाटतो. बाकीच्यांकडे यायला निमित्त होतं, त्यांनी ते आपल्या हातानं केलं, तेही पोटापाण्याच्या हत्यारानं. आम्ही दोघी अजून यावर बोलतो, आणि ती अजून मान्य करत नाही.