क्लीनर साइडचं मोल्डिंग

आमच्या धुळ्यात गाडीला डावी-उजवी बाजू नसते. एक ड्रायव्हर साइड आणि दुसरी क्लीनर साइड. गाडीत क्लीनर असो वा नसो. मारुती ८०० असली तरी तिचा डावा दरवाजा क्लीनर साइडचाच. नानामामाच्या आग्रा रोडवरच्या डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात शाळेच्या सगळ्या सुट्ट्या काढल्यामुळे हे माझ्या हाडात भिनलंय.

सांगायचं कारण, मागच्या वर्षी माझ्या पिकअपच्या डाव्या मागच्या चाकावरची कमान कार वॉशमध्ये उडून गेली. चाकाभोवती मडगार्डच्या कडेला काळी प्लास्टिकची पट्टी असते ना, ती. आपण तिला बीडिंग म्हणतो, इथे अमेरिकेत मोल्डिंग म्हणतात. नवीन शोधायला बसलो. डावी बाजू म्हणजे क्लीनर साइड, क्लीनर साइड म्हणजे पॅसेंजर साइड, असा हिशोब डोक्यात आपोआप झाला आणि मी पॅसेंजर साइडचं मोल्डिंग मागवलं. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो. मिशिगनमध्ये अकरा वर्षं रोज डावीकडे बसूनच गाडी चालवतोय, तरीही. आठवड्याने लांबडं खोकं आलं, आत उजव्या चाकाची कमान. जुना माल, परत घेणार नाही, असं विकणाऱ्याने आधीच लिहून ठेवलं होतं.

आता गाडीची ओळख. २००३ ची फोर्ड रेंजर. हौदा सहा फुटी. आपल्याकडच्या छोट्या पिकअपपेक्षा थोडी मोठी, पण इथल्या रस्त्यांवर म्हशींच्या कळपात शिरलेल्या शेळीसारखी दिसते. दरवर्षी मंडळाचा गणपती तिच्याच हौद्यातून येतो, आणि बाकी वर्षभर कुणाचं कपाट, कुणाची गादी, कुणाच्या बागेची माती. पिकअप असलेल्या माणसाला इथे मित्र कमी पडत नाहीत.

ही रेंजर १९८३ च्या मॉडेलपासून निघत होती. डिसेंबर २०११ मध्ये मिनेसोटातल्या सेंट पॉलच्या कारखान्यात शेवटची गाडी बाहेर पडली आणि कारखानाही बंद झाला. २०१९ ला अमेरिकेत त्याच नावाची गाडी पुन्हा आली, पण ती वेगळीच. माझ्या गाडीचं बीडिंग तिला लागत नाही, तिचं माझ्या गाडीला लागत नाही. बारकी पिकअप इथे दुर्मीळ का, याच्या मागे एक कोंबडीची गोष्ट आहे. साठच्या दशकात युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर जकात वाढवली, त्याचा राग म्हणून अमेरिकेने १९६४ पासून बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के कर बसवला. कोंबडीचं भांडण मिटलं, कर राहिला. त्यामुळे बाहेरच्या स्वस्त छोट्या पिकअप इथे सहजासहजी येत नाहीत आणि आमच्यासारखे लोक वीस वर्षांच्या गाड्या जपत बसतात.

जपणं म्हटलं की सगळ्यांना इंजिनाची काळजी. खरं तर इंजिनाचं काही अडत नाही. ब्रेक पॅड, वॉटर पंप, बेअरिंग, बॉल जॉइंट, काहीही मागा, उद्या दारात. या वस्तू झिजतात, लाखो गाड्यांना लागतात, म्हणून दहा कंपन्या त्या बनवतात. बीडिंग झिजत नाही. ते एकतर असतं, नाहीतर तुटून पडतं. त्यातही अमुक सालाचं, अमुक मॉडेलचं, अमुक बाजूचं. तेवढ्यासाठी साचा कोण काढणार? कंपनीकडचा साठा संपला की विषय संपला. म्हणजे गाडी म्हातारी होते ती आधी अशा बिनकामाच्या वाटणाऱ्या तुकड्यांनी होते.

नानामामाकडे असं कधी अडलेलं मी पाहिलं नाही. त्याच्याकडे सुटा भाग यायचा तो नजरेने. गिऱ्हाइकाच्या हातातला तुकडा बघून तो म्हणणार, ‘हे जुन्या साच्याचं आहे, मालेगावला भेटेल.’ आणि भेटायचं. इथे नजर चालत नाही, सुट्या भागाचा छापील नंबर लागतो. फोर्डच्या जुन्या नंबरात सुरुवातीलाच जन्मसाल लपलेलं असतं. पहिलं अक्षर दशकाचं, ‘डी’ म्हणजे सत्तरचं, ‘ई’ म्हणजे ऐंशीचं, ‘एफ’ म्हणजे नव्वदचं, आणि पुढचा आकडा वर्षाचा. ‘एफ-आठ’ दिसलं की तो तुकडा १९९८ साठी आखलेला. हे कळल्यावर मी काही दिवस मित्रांच्या गाड्यांखाली वाकून नंबर वाचत फिरत होतो. बायकोने विचारलं, पंचांग काढतोयस का गाड्यांचं?

एका शेजाऱ्याने सल्ला दिला, माझदाची बी-सिरीज बघ, तीच गाडी आहे. अर्धं खरं. १९९४ पासून माझदाची ती पिकअप फोर्डच रेंजरसोबत बनवत होती. इंजिन, गिअरबॉक्स, चेसिस एकच. पण दोन भाऊ वेगळे दिसावेत म्हणून बाहेरचा पत्रा माझदाने वेगळा ठेवला, आणि बीडिंग बसतं ते पत्र्यावर. चाकाच्या कमानीचा आकारच जुळत नाही.

शेवटी भंगारवाडा. डोळ्यासमोर आपला भंगारबाजार आणू नका. इथे दोन डॉलरचं तिकीट काढून आत जायचं, पाना-पेचकस आपले आपण न्यायचे, जॅक नेऊ देत नाहीत. गाड्यांचं पेट्रोल-ऑइल आधीच काढलेलं असतं आणि प्रत्येक गाडी लोखंडी रिमा जोडून केलेल्या घोड्यांवर उचलून ठेवलेली. फोर्ड एका रांगेत, जपानी दुसऱ्या रांगेत. हवं ते खोला, बाहेर काउंटरवर पैसे द्या. कोणत्या गाडीचं काय कोणत्या गाडीला बसतं, याचे हॉलंडरचे तक्ते १९३४ पासून निघतात, भंगारवाले त्यावरच चालतात. मला मात्र तक्त्याची गरज पडली नाही. तिसऱ्या खेपेला रांगेच्या टोकाला एक रेंजर उभी दिसली, समोरून पार चेपलेली, पण डाव्या मागच्या चाकावर कमान शाबूत.

नोव्हेंबर होता. तापमान दोन-तीन अंश. थंडीत प्लास्टिक काचेसारखं होतं हे मला माहीत होतं, आणि तरी घाई केली. पहिल्या दोन क्लिपा नीट निघाल्या, मधली टिकली आधी उचलायची आणि मग क्लिप ओढायची. तिसरीला टिकली गंजाने जाम झालेली. ओढलं, आणि ‘टक्’ असा आवाज आला. क्लिप ज्यात अडकते तो कान मोडून हातात. पुढे अजून दोन कान गेले. थर्मासमधला चहा आधीच प्यायलो नसतो तर तो ओतून ऊब दिली असती, असंही मनात येऊन गेलं.

म्हणजे आता माझ्याकडे होती एक चुकीच्या बाजूची धड कमान आणि एक बरोबर बाजूची, तीन कान नसलेली.

रात्री नानामामाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ, दुकान नुकतंच उघडलेलं, मागे कंप्रेसर चालू. तुकडा कॅमेऱ्यासमोर धरला. मामा म्हणाला, ‘उलटं कर. मागे काय लिहिलंय?’ मागे बारीक अक्षरांत ‘टीपीओ’ असं होतं, म्हणजे प्लास्टिकची जात. मला वाटलं होतं फेविक्विकने काम होईल. मामा हसला. बादली, खुर्ची, बंपर या जातीच्या प्लास्टिकला फेविक्विक धरत नाही, नखाने खरवडलं तरी सुटतं. त्याला वितळवूनच जोडायचं, आणि भरणीलाही त्याच जातीचं प्लास्टिक लागतं. ‘तसलंच दुसरं काही आहे का?’

होतं ना. क्लीनर साइडचं.

सोल्डरिंग आयर्न तापवली, गॅरेजचा दरवाजा उघडा ठेवला, कारण धूर वाईट. चुकीच्या मोल्डिंगवरचे तीन कान करवतीने कापले. ते जागेवर ठेवून नुसतं कडेने वितळवलं असतं तर पुढच्या हिवाळ्यात पुन्हा मोडले असते. मामाने सांगितलं, आत जाळी टाक. स्टीलची बारीक जाळी कुठून आणणार? आईने बॅगेत घालून दिलेली चहाची गाळणी होती, तिची कड सुटलेलीच होती. जाळी कात्रीने नखाएवढे तुकडे करून कापली, तापल्या टोकाने दाबली की ती लोण्यात बुडावी तशी प्लास्टिकमध्ये बुडते. वरून चुकीच्या मोल्डिंगच्या पट्ट्या वितळवून भरल्या. दिसायला गचाळ, पण मागची बाजू आहे, कोण बघतंय.

बसवायच्या आधी चाकावरचा पत्रा साफ करायला घेतला आणि खरी गंमत कळली. इथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ आणि चिखल बीडिंगच्या आत साचून राहतो. माझ्या पत्र्यावर फोड होते, स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावलं तर दोन ठिकाणी आरपार गेलं. धुळ्याच्या उन्हात प्लास्टिक पांढरं पडतं, डॅशबोर्ड तडकतो, पण पत्रा असा सडत नाही. पत्र्यालाच एक पूर्ण शनिवार गेला. घासून, गंज मारणारं औषध लावून, दोन छोटे ठिगळ, प्रायमर, काळा रंग.

बसवताना एक गोष्ट मात्र हट्टाने पाळली. मोल्डिंगची भोकं नीट बघा, मधलं एकच गोल असतं, बाकीची लांबट. मीटरभर प्लास्टिक उन्हाळ्या-हिवाळ्यात चार-पाच मिलिमीटर सहज लांबतं-आखूड होतं, त्याला सरकायला जागा म्हणून ती लांबट भोकं. सगळे स्क्रू कचकचून आवळले की पट्टी मधे फुगते नाहीतर थंडीत तडकते. मधला घट्ट, बाकीचे हाताला लागतील इतपत. वरच्या कडेला दुहेरी चिकटपट्टी लावली. ती लावायला पत्रा स्पिरिटने पुसलेला आणि कोमट हवा. पूर्ण पकड यायला ७२ तास जातात, म्हणून गाडी तीन दिवस गॅरेजमध्ये हीटर लावून ठेवली. विजेचं बिल मोल्डिंगपेक्षा जास्त आलं असावं.

रंगात फरक आहे. बाकीच्या तीन कमानी उन्हाने राखाडी झाल्यात, ही त्यांच्यापेक्षा काळी. इथले लोक असलं प्लास्टिक काळं करायला शेंगदाण्याचं बटर चोळतात, अगदी खरं. मी एका कोपऱ्यावर करून पाहिलं. दोन दिवस चमकलं, तिसऱ्या दिवशी पावसाने धुतलं, आणि गॅरेजभर चिक्कीचा वास.

मामाला फोटो पाठवला. त्याने मोठा करून कानापासून टोकापर्यंत पाहिला असणार, कारण उत्तर यायला वेळ लागला. कामाबद्दल चकार शब्द नाही. त्याच्या दुकानाबाहेर एका गिऱ्हाइकाची टाटा २०७ दोन महिन्यांपासून उभी आहे, पुढची जाळी मालेगावलाही मिळत नाही. मामाचा मेसेज एवढाच होता: ‘तठे २०७ नी जाळी भेटी का रे?’