रुपये जुळले, पेट्या नाहीत

रत्नागिरीत हिशेब आणि रिटर्नची कामं करते. आंबा बागायतदारांची एक अडचण दरसाल ठरलेली: आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि हापूस तेव्हा ऐन हंगामात. माल वाशीच्या बाजारात दलालाकडे पोचलेला, पट्टी, म्हणजे त्याने पाठवायचा विक्रीचा हिशेब, यायची बाकी.

पावसजवळच्या एका काकांचा घरचा आणि बागेचा हिशेब मी एचलेजर या संगणकावरच्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये ठेवते. जॉन विगलीने २००३ मध्ये लेजर आणलं, त्याच पद्धतीचं हे. सगळा हिशेब साध्या मजकुराच्या फाइलीत, त्यामुळे लायसन्स संपलं म्हणून जुनी वर्षं अडकून पडत नाहीत. खात्यांची नावं देवनागरीत चालतात, आकडे मात्र इंग्रजीच. खातं आणि रक्कम यांच्यात किमान दोन स्पेस लागतात. एकच दिली की रक्कम खात्याच्या नावातच जाऊन बसते. नव्या मुलांना हे सांगून सांगून घसा बसतो.

पण यात रुपयासारखीच पेटीही मोजता येते, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. ट्रक सुटला की ‘बाग’ खात्यातून १२० पेट्या कमी, ‘दलाल’ खात्यात १२० जास्त. पट्टी आली की विकलेल्या पेट्या दरासकट तिथून वजा, हमाली-भाडं खर्चाला, उचल कापून उरलेले पैसे बँकेत.

जूनमध्ये हिशेबाला बसलो. रुपये पासबुकाशी पैशापर्यंत जुळले. दलालाच्या नावावर मात्र ४३ पेट्या उभ्या. एकाही पट्टीवर ‘खराब’ असा शेरा नाही. नुसतं पासबुक बघून हिशेब लावणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं, आणि आमच्या धंद्यात बरेच जण तेवढंच करतात.

काका म्हणाले, “ठाऊक आहे मॅडम. दरवर्षी थोड्या राहतातच. पण श्रावणात मोहोरासाठीच्या कल्टार औषधाला, मग फवारणीला बिनव्याजी उचल तोच देतो ना?”

बिनव्याजी! सरासरी १,८०० रुपयांनी ४३ पेट्यांचे ७७,४०० होतात. उचल ३ लाखांची. किसान क्रेडिट कार्डावर तेवढंच पीककर्ज वेळेत फेडलं तर ४ टक्के, म्हणजे वर्षाला १२,००० पडले असते. आता या पेट्या ‘तूट’मध्ये टाकू की ‘व्याजा’त? तूट म्हटलं तर दलाल सुटतो. व्याज म्हणावं तर कागदावर तसं कुठे कबूल केलेलं नाही. नोंदीपुढे उद्गारचिन्ह घालून ती प्रलंबित ठेवली आहे.

बँकेत जा म्हटलं, तर काकांनी सातबारा पुढे केला. आजोबांच्या वेळेपासूनचे सहहिस्सेदार, निम्मे मुंबईत. कर्जाला सगळ्यांची संमती हवी. बागेत वर्षभर राबायचं एकट्याने आणि सह्या मात्र सगळ्यांच्या! काका दलालाला का सोडत नाहीत, ते तेव्हा कळलं. संमतीपत्राचा मसुदा करून दिलाय. गणपतीला चाकरमानी घरी आले की आरतीनंतर काका तो सगळ्यांपुढे ठेवणार आहेत.